‘पायात उगवा आणि डोळ्यात उपटा’, हे एकाच अंगात कसं?

प्रश्न : आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. तळपायाची जखम तीन महिने भरत नव्हती, म्हणून सर्जननी लावायला एक जेल दिलं. त्यात ग्रोथ फॅक्टर आहे, त्यानं नवीन रक्तवाहिन्या येतील आणि मांस भरेल, असं ते म्हणाले. त्याच आठवड्यात डोळे तपासले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पडद्याला सूज आहे, नको तिथे नवीन रक्तवाहिन्या उगवताहेत, ग्रोथ फॅक्टर अडवणारं इंजेक्शन डोळ्यात घ्यावं लागेल. आई म्हणते, ‘पायात उगवा आणि डोळ्यात उपटा! दोघांपैकी एक डॉक्टर नक्की चुकतोय.’ आता ती दोन्हीला नाही म्हणते. मामा ग्रोथ फॅक्टरची पावडर पोटात घ्यायला सांगतो. इंजेक्शननं पायाची जखम चिघळेल का? जेलनं डोळा बिघडेल का? आणि तिला समजावू कसं?

उत्तर : आधी कामाचं सांगते. दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत. इंजेक्शनची तारीख चुकवू नका आणि जेल बंद करू नका. मी पेशींवर काम करते, औषध लिहून देणं माझं काम नाही. त्यामुळे आईंच्या तब्येतीबद्दल शेवटचा शब्द त्या दोघांचाच. पण आईंचा प्रश्न पेशींबद्दलचाच आहे आणि तो इतका नेमका आहे, की त्याला नीट उत्तर मिळायलाच हवं. नुसतं ‘डॉक्टरांवर विश्वास ठेवा’ म्हणून त्यांचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

घोळ ‘ग्रोथ फॅक्टर’ या नावात आहे. वाढ म्हटलं की आपल्याला खत आठवतं, टॉनिक आठवतं. जिथे घालू तिथे पीक तरारेल, असं वाटतं. प्रत्यक्षात ग्रोथ फॅक्टर हा निरोप असतो. एक पेशी प्रथिनाचा एक छोटा रेणू बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या अंगावर त्याच रेणूसाठी घडवलेला रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, असतो. रेणू येऊन बसला की शेजारचे दोन रिसेप्टर जवळ येतात, एकमेकांना फॉस्फेट चिकटवतात, आणि तिथून पेशीच्या आत निरोप हातोहात पुढे सरकत थेट केंद्रकापर्यंत जातो. मग पेशीनं काय करायचं? विभागायचं, सरकायचं, शेजारणीचा हात सोडायचा, की मरायच्या बेतात असताना तग धरायचा? हे एकट्या निरोपावर ठरत नाही. तो कुणी ऐकला, कुठे ऐकला, किती जोरात ऐकला आणि त्या वेळी आजूबाजूला कोण होतं, यावर ठरतं. टीजीएफ-बीटा नावाचा एक ग्रोथ फॅक्टर आहे. तो त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचं विभाजन थांबवतो, आणि खालच्या थरातल्या पेशींना कोलॅजन विणायला लावतो. एकच शब्द, दोन घरांत दोन अर्थ.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. काचेच्या बशीत रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवल्या, की त्या तळाशी एकाच थरात, फरशी बसवावी तशा, एकीला एक खेटून बसतात. नळीच्या बारीक टोकानं त्या थरावर एक रेघ ओढायची. रेघेपुरत्या पेशी खरवडून निघतात आणि एक मोकळी पट्टी तयार होते. बशीतल्या पाण्यात ग्रोथ फॅक्टर जवळजवळ नसेल तर काठावरच्या पेशी अगदी रेंगाळत सरकतात. आता व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्यांचा मुख्य ग्रोथ फॅक्टर टाका. एका मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे दिसणार तर नाहीच, साध्या तराजूवर तोलताही येणार नाही इतका. काही तासांत काठावरच्या पेशी पट्टीच्या दिशेनं पातळ पाय पसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बरीचशी मिटलेली असते. आता त्याच बशीत रेघेपासून लांब, थराच्या मधोमध पाहा. तिथल्या पेशींनाही तेच पाणी, तोच व्हीईजीएफ मिळालेला असतो. त्या बहुतेक जागच्या जागी असतात, कारण चारही बाजूंनी शेजारणींनी धरून ठेवलेलं असतं. काठावरची चालली, मधली बसून राहिली. आईंच्या पायाचं आणि डोळ्याचं कोडं मला या बशीतच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

शरीरात हा निरोप पाठवतं कोण, ते पाहू. उपाशी पेशी. केशवाहिनीपासून, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिनीपासून, साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्राणवायू पुरतो. प्रत्येक पेशीत एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होत असतं. प्राणवायू भरपूर असेल तर त्यावर खूण केली जाते आणि काही मिनिटांतच त्याची विल्हेवाट लागते. प्राणवायू कमी पडला की खूण होत नाही, एचआयएफ साठतं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. पेशी प्राणवायूची कमतरता कशी ओळखते, हे उलगडल्याबद्दल ग्रेग सेमेंझा, विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. या व्यवस्थेत मला सगळ्यात आवडतो तो तिचा शेवट. वाहिनी पोचली की प्राणवायू येतो, प्राणवायू आला की एचआयएफ जातं, आणि हाक आपोआप थांबते.

हाक ऐकून जवळच्या केशवाहिनीतली एखादी पेशी पुढे येते. तिला टोकाची पेशी म्हणतात. ती शेजारणींना ‘तुम्ही मागेच राहा’ असा वेगळा निरोप देते, नाहीतर सगळ्याच सुटल्या असत्या आणि वाहिनीच उसवली असती. टोकाची पेशी बोटांसारखे धागे काढून व्हीईजीएफ कुठे दाट आहे ते चाचपत त्या बाजूला जाते. मागच्या पेशी विभागत नळी लांबवतात. अशी दोन टोकं भेटली की रक्त वाहू लागतं. पण काम इथे संपत नाही, आणि आईंच्या डोळ्याचं दुखणं समजायला नेमका हाच भाग लागतो. नवी नळी कच्ची असते. ती पीडीजीएफ नावाचा दुसरा ग्रोथ फॅक्टर सोडून आधार देणाऱ्या पेशींना बोलावते. या पेशींना पेरिसाइट म्हणतात. त्या नळीला बाहेरून कवळून बसतात, आणि मग ‘आता शांत राहा, घट्ट राहा’ असा तिसरा निरोप पोचतो. हा आधार मिळालेली वाहिनी टिकते. न मिळालेली पाझरते, सहज फुटते आणि व्हीईजीएफ संपला की विरून जाते.

पाझरणं हा शब्द लक्षात ठेवा. डोळ्याच्या पडद्यातून नव्या वाहिन्या उगवायला लावणारा काहीतरी घटक झिरपत असावा, हा अंदाज नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. १९७१ मध्ये सर्जन ज्युडा फोकमन यांनी मांडलं, की कर्करोगाच्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ती काही मिलिमीटरच्या पुढे वाढू शकत नाही, तेव्हा तो रसद पुरवणारा निरोपच तोडावा. ते अनेकांना पटलं नव्हतं. पुढे १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरल्ड ड्वोरॅक यांना गाठींमधून येणारं एक प्रथिन सापडलं. त्यांना आधी दिसलं ते वाहिन्या वाढणं नव्हे, वाहिन्या गळणं. ॲलर्जीत सूज आणणाऱ्या हिस्टॅमिनपेक्षा सुमारे ५० हजार पट कमी मात्रेत ते वाहिनी गळती करत होतं. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या गटानं वाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ वेगळा काढला, आणि कळलं की दोन्ही एकच! उगवणं आणि पाझरणं एकाच रेणूची दोन कामं आहेत. आईंच्या पडद्याला सूज का आली, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

आता डोळ्यात काय झालं ते. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पडद्याच्या केशवाहिन्यांवरचे पेरिसाइट मरतात आणि काही केशवाहिन्या बंद पडतात. त्यांच्या पलीकडचा पडदा उपाशी राहतो आणि हाका मारू लागतो. शेजारच्या आजारी वाहिन्या आधी गळतात. गळालेलं पाणी पडद्यात साठतं, तीच सूज. मग नव्या वाहिन्या फुटतात, पण जिथे हव्यात तिथे जात नाहीत. पडद्याच्या पृष्ठभागावरून डोळ्यातल्या जेलीत शिरतात. व्हीईजीएफ त्या जेलीतही पसरलेला असतो आणि टोकाच्या पेशीला दाट बाजू एवढंच कळतं. उपाशी पेशींपर्यंत रक्त पोचत नाही, त्यामुळे हाक थांबत नाही. हाक थांबत नाही म्हणून कच्च्या वाहिन्या येतच राहतात. त्या फुटल्या तर डोळ्यात रक्त उतरतं, आणि आकसताना पडदा ओढून सोडवू शकतात. ज्या साखळीचा शेवट मला इतका आवडतो, तो इथे येतच नाही.

पायात नेमकं उलट. तिथे हाक हवी आहे, पण ती पोचत नाही. नेहमीच्या जखमेत पहिला निरोप प्लेटलेट देतात. रक्त गोठताना त्या पीडीजीएफ मोकळा करतात आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशी जमू लागतात. मधुमेहातल्या जुन्या जखमेत दाह महिनोन्महिने रेंगाळतो. त्या दाहातली प्रथिनं तोडणारी द्रव्यं ग्रोथ फॅक्टर आले तसे तोडून टाकतात. साखरेमुळे एचआयएफचं कामही मंदावतं. पायाच्या मोठ्या धमन्या अरुंद असतील तर रक्तच कमी येतं. त्यात पायाची संवेदना गेली असेल तर चालताना जखमेवर भार पडतोय हेही कळत नाही. म्हणून सर्जननी बाहेरून निरोप दिला. या जेलमध्ये बहुधा प्रयोगशाळेत तयार केलेला पीडीजीएफ असेल. मधुमेही पायाच्या जखमेसाठी असं जेल अमेरिकेत १९९७ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं. डब्यावर नाव वाचून सर्जनकडून खात्री करून घ्या.

तेव्हा आजार एकच, पण डोळ्यात हाकांचा कल्लोळ आहे आणि पायात सामसूम. एका डॉक्टरनं कल्लोळ शमवायचा, दुसऱ्यानं सामसूम मोडायची.

इंजेक्शननं जखम चिघळेल का, ही भीती मात्र निराधार नाही. व्हीईजीएफ अडवणारं बेव्हासिझुमॅब कर्करोगात शिरेतून देतात तेव्हा जखमा उशिरा भरतात. ठरवून करायच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी म्हणूनच ते किमान २८ दिवस थांबवतात. पण मात्रा पाहा. कर्करोगात वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम ही एक नेहमीची मात्रा आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. तेच औषध डोळ्यात देतात ते १.२५ मिलिग्रॅम, एका थेंबाएवढ्या द्रवात. २४० पट कमी! त्यातलं थोडं रक्तात जातं, आणि काही औषधांनी रक्तातला व्हीईजीएफ काही काळ उतरतोही. ते प्रमाण औषधागणिक वेगळं असतं. म्हणूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना पायाच्या जखमेबद्दल आवर्जून सांगा. ते निवड करताना हे ध्यानात घेतील. गेल्या काही महिन्यांत आईंना हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आला असेल, किंवा जखमेत पू असेल, तर तेही आधीच सांगा.

जेलनं डोळा बिघडण्याची चिंता मी करणार नाही. ते वरून लावायचं असतं, रक्तात फारच थोडं जातं, आणि त्यातला पीडीजीएफ हा वेगळा रेणू आहे. जेल लावायच्या जागी गाठ किंवा कर्करोग असेल तर ते लावत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

जेल वापरताना घरोघरी होणारी चूक म्हणजे जास्त थापणं. निरोप दुप्पट जोरात दिला म्हणून जखम दुप्पट वेगानं भरत नाही. मात्रेचं महत्त्व किती, ते १९९६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. व्हीईजीएफच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच गेली तरी गर्भ पोटातच दगावले, कारण वाहिन्यांची घडण फसली. पातळ थर, दिवसातून एकदा, वर सलाइननं ओलसर केलेलं गॉज. सुमारे १२ तासांनी धुऊन पुढचे १२ तास जेलशिवाय ओलसर ड्रेसिंग, अशी पीडीजीएफ जेलची पद्धत आहे. ते फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. प्रथिन गोठलं तर बिघडतं. आणि मेलेली कातडी सर्जनकडून काढून घेणं, पायावरचा भार खास पादत्राणानं काढणं, पायाच्या धमन्या तपासणं, साखर आटोक्यात ठेवणं, हे जेलपेक्षा आधी येतं. ऐकणाऱ्या जिवंत पेशीच नसतील तर निरोप कुणासाठी? दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी मोजून तारखेसह लिहून ठेवा. दहा आठवड्यांत ती तीस टक्क्यांनीही लहान झाली नाही तर ते जेल चालू ठेवायचं का, हे सर्जननी पुन्हा ठरवायचं असतं.

डोळ्याच्या बाबतीत मात्र एका गोष्टीसाठी मी तुमच्या मागे लागणार आहे. इंजेक्शन कल्लोळ शमवतं, पण हाका मारणारा पडदा तसाच राहतो. काही आठवड्यांत औषध विरतं आणि व्हीईजीएफ पुन्हा चढतो. सुरुवातीला साधारण महिन्याला एक असं बोलावतात ते म्हणूनच. नव्या वाहिन्यांसाठी फक्त इंजेक्शनं घेऊन मध्येच जायचं सोडलेल्या रुग्णांचे डोळे लेझर घेऊन सोडलेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत गेलेले आढळले आहेत. लेझर पडद्याच्या कडेचा काही उपाशी भाग कायमचा गप्प करतो, मागणीच कमी करतो. त्याची किंमत कडेच्या नजरेनं मोजावी लागते, पण तो टिकतो. दर महिन्याला नेणं जमणार नसेल तर ते संकोच न करता डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. त्यांचा बेत त्यावरून बदलू शकतो. इंजेक्शननंतर डोळा दुखायला लागला, लालभडक झाला, उजेड सहन होईना किंवा नजर खाली आली तर सकाळची वाट पाहायची नाही, तडक जायचं. असा संसर्ग क्वचित होतो, पण त्यात तास मोजावे लागतात.

मामांची पावडर नको. ग्रोथ फॅक्टर ही प्रथिनं आहेत, पोटात गेली की इतर प्रथिनांसारखी पचतात. आणि समजा रक्तात पोचलीच, तरी सगळीकडे एकदम हाका मारून काय साधणार? शुद्ध व्हीईजीएफ हृदयरुग्णांच्या धमन्यांतून आणि शिरांतून देऊन पाहिला होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ठरवलेल्या मुख्य मोजमापावर, म्हणजे ६० दिवसांनी चालण्याच्या क्षमतेवर, तो नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरला नाही. मामांना हे प्रेमानं सांगा, त्यांचा हेतू चांगलाच आहे.

राहिलं आईंना समजावणं. त्यांना आरशासमोर बसवा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बारीक लाल रेषा दिसतील. त्या काळ्या वर्तुळाच्या काठाशी येऊन थांबतात. वर्तुळावरचा काचेसारखा थर, म्हणजे पारपटल, त्यात एकही वाहिनी नाही, म्हणून तर आरपार दिसतं. तिथेही व्हीईजीएफ असतो. पण पारपटल त्या व्हीईजीएफचाच एक सुटा रिसेप्टर तयार करून आजूबाजूला सोडतं, आणि तो निरोप पेशीपर्यंत पोचण्याआधीच झेलून टाकतो. हे २००६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. डोळ्यात देतात त्यांपैकी अफ्लिबरसेप्ट हे औषध याच युक्तीनं, सुट्या रिसेप्टरचे तुकडे जोडून बनवलेलं आहे. आईंना सांगा, डॉक्टर काही उपटत नाहीत. त्यांचा डोळा पुढच्या बाजूला जन्मभर जे करत आला, तेच मागच्या बाजूला करायला मदत करताहेत.

आणि उद्या ड्रेसिंग बदलताना मोबाइलवर जखमेचा फोटो काढून त्यांना मोठा करून दाखवा. तळाशी लालबुंद, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यांसारखा भाग दिसला तर तो नव्या केशवाहिन्यांचा आहे. अजून दिसत नसेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा काढा, आणि दोन्ही फोटो दोन्ही डॉक्टरांना दाखवा.